इस्टेट

गाडीच्या मागे डिकीचा उतार न देता टप सरळ शेवटपर्यंत नेला आणि तिथे वर उघडणारा, उभ्या काचेचा दरवाजा बसवला, की अमेरिकेत त्या गाडीला ‘स्टेशन वॅगन’ म्हणतात आणि इंग्लंडात ‘इस्टेट’. पहिल्या नावात आगगाडीतून उतरलेला प्रवासी आणि त्याच्या ट्रंका आहेत. दुसऱ्या नावात तो पाहुणा ज्याच्याकडे निघाला आहे त्या जमीनदाराचा वाडा आणि जमीनजुमला आहे. एकाच प्रवासाची ही दोन टोके. मराठीत यांपैकी एकही नाव रुजले नाही. ‘वॅगन’ म्हटले की आपल्याला मालगाडीचा डबा आठवतो आणि ‘इस्टेट’ म्हटले की भावाबहिणींची कोर्टकचेरी.

गेले वर्षभर आमच्याकडे एका इस्टेटीचा प्रश्न पडून आहे आणि ती दोन्ही अर्थांनी इस्टेट आहे. २०२४ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. त्यांची पुस्तके त्यांनी हयातीतच कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊन टाकली होती. मागे राहिले ते कराडचे लहानसे घर आणि २००५ साली घेतलेली, डिझेलवर चालणारी, लांब टपाची एक पांढरी गाडी. ती कोणत्या कंपनीची हे मुद्दाम लिहीत नाही. पुढे तिच्या काही खोडी सांगायच्या आहेत, आणि त्या कुणाच्या नावावर मांडाव्यात इतक्या मोठ्या नाहीत.

या जातीच्या गाड्या भारतात आल्याच नाहीत असे नाही. टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ याच नावाची गाडी बाजारात आणली. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग, २००४ मध्ये पुन्हा टाटांचीच इंडिगो मरीना. यांतली एकही फारशी खपली नाही. गंमत अशी की १९९९ च्या अखेरीस आलेली मारुतीची ‘वॅगन आर’ अफाट खपली. पण ती उंच, आखूड अंगाची गाडी, तिच्यातली वॅगन केवळ नावापुरती. म्हणजे आपल्याला शब्दाचे वावडे नव्हते, वस्तूचे होते.

का होते, याचा मी बराच विचार केला आहे. प्रतिष्ठित गाडीच्या तीन पेट्या असतात: पुढे इंजिन, मध्ये माणसे, मागे सामान. बोचकी कितीही असोत, डिकी बंद केली की ती नाहीशी होतात. वॅगनमध्ये मधली भिंत नसते. माणसे आणि सामान एकाच खोलीत बसतात आणि रस्त्यावरच्या कुणालाही काचेतून दिसतात. ज्या वर्गाने एसटीच्या टपावर वळकट्या चढवणे नुकतेच सोडले होते, त्याला पहिल्यावहिल्या मोठ्या गाडीतही आपली गाठोडी लोकांच्या नजरेस पडावीत हे कसे रुचणार? मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीच्या टपावर कॅरिअर असे, दादर स्टेशनाबाहेर तिच्यावर बेडिंग आणि पेट्या रचल्या जात. पण ती भाड्याची गाडी होती. भाड्याच्या गाडीत सामान दिसले तर चालते. स्वतःच्या गाडीत ते दिसणे म्हणजे बैठकीच्या खोलीत धुण्याची बादली ठेवण्यासारखे. शिवाय लांब टपाची पांढरी गाडी पाहिली की आपल्या मनात पहिले काय येते, हे वेगळे सांगायला नको. गाडी दारात आली त्या दिवशी समोरच्या काकांनी विचारलेच, “सर, ॲम्ब्युलन्स घेतली काय?”

उरलेसुरले काम २००६ च्या अर्थसंकल्पाने केले. चार मीटरांच्या आत बसणाऱ्या लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. मग कारखान्यांनी गाड्यांच्या शेपट्या कापून त्या चार मीटरांत बसवायला सुरुवात केली. ज्या गाडीचे सगळे मोल तिच्या मागच्या लांबीत, तिला या हिशेबात जागा कुठून मिळणार? दिवाळी अंकाच्या पानांवरून कथेची लांबी ठरावी, तसेच हे. दीर्घकथा वाईट होती म्हणून नव्हे, फॉर्म्यात बसेना म्हणून गेली.

अण्णांनी मात्र ती गाडी लांबीसाठीच घेतली. कराडच्या कॉलेजात ते मराठी शिकवत. २००४ मध्ये निवृत्त झाले आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आल्यावर पहिली खरेदी ही केली. विकली जात नसल्यामुळे विक्रेत्याने किंमत बरीच उतरवली होती, हेही खरे. शोरूममध्ये ते शिंप्याची टेप घेऊन गेले होते. मागचे आसन पाडले तर पुस्तकांची किती खोकी राहतील हे त्यांनी गाडीत गुडघ्यांवर बसून मोजले, आणि विकणारा मुलगा मायलेज, रंग, हप्ते असे काही सांगत असताना एवढेच म्हणाले, “सोळा. दोन थर लावले तर.”

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेले काम असे होते: ज्यांना दुकानात जागा मिळत नाही अशा लहान प्रकाशकांची पुस्तके खोक्यांत भरायची आणि शाळा, व्याख्यानमाला, संमेलने अशा ठिकाणी नेऊन मांडायची. कमिशन घेत नसत. डिझेलचा खर्चही क्वचितच सुटे. सांगलीच्या २००८ च्या साहित्य संमेलनाला ते गेले, पुढच्या वर्षी महाबळेश्वरला गेले, २०१३ च्या जानेवारीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले. ‘वॅगन’ हा डच वळणाचा शब्द आणि आपला संस्कृत ‘वह्’ धातू यांचे मूळ एकच आहे, हे मला पुष्कळ नंतर भाषाशास्त्र शिकवताना कळले. मी ते उत्साहाने त्यांना फोनवर सांगितले. ओझे वाहतात, फूल वाहतात, पाणीही वाहते, सगळे त्याच एका धातूचे. ते म्हणाले, “हो, पण घाटात क्लच जळतो.”

त्यांच्या मागे राहिलेल्या तिसऱ्या वस्तूचा उल्लेख मी लांबवत आणला. ती म्हणजे गाडीची वही. लाल कापडी बांधणीची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली उभी वही. गाडीच्या कप्प्यात ती असे हे आम्हां दोघा भावंडांना ठाऊक होते, पण वाहनाची नोंदवही उघडून वाचावी असे साहित्याच्या प्राध्यापिकेलाही कधी वाटले नाही. आम्ही वाङ्मयप्रकारांची यादी शिकवतो, त्यात ती बसत नाही.

वहीची रचना त्यांनी पहिल्याच पानावर ठरवली होती. डाव्या पानावर ‘अनुभव’, उजव्या पानावर ‘प्रश्न’. डावीकडे तारीख, किलोमीटर, डिझेल, आणि ‘ॲव्हरेज’. (लिटरमागे किती किलोमीटर, या अर्थाने आपण हा शब्द वापरतो, ‘सरासरी’ म्हटले तर पंपावर कुणाला कळणार नाही.) त्यापुढे एखादी ओळ. महाबळेश्वरचे संमेलन २००९ साली अध्यक्षाविनाच पार पडले, नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांना ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून पद सोडावे लागले. मराठी साहित्यविश्व त्या दिवसांत दुसरे काही बोलत नव्हते. घरी फोनवर अण्णाही तावातावाने बोलत असत. वहीत त्या दिवशी लिहिले आहे: “केळघर घाट. क्लचचा वास. चौदा खोकी नेली, साडेतेरा आणली.”

उजवी पाने अधिक वाचनीय आहेत. प्रश्न निळ्या शाईत, उत्तर मिळेल तेव्हा हिरव्या शाईत, आणि उत्तर कुणी दिले ते कंसात. उत्तरे देणारे दोन प्रकारचे होते. एक मिस्त्री, आणि दुसरे याच गाडीचे इतर मालक. असे मालक फार थोडे. त्यामुळे पंपावर किंवा टोलनाक्यावर तशीच दुसरी गाडी दिसली, की दोघेही बाजूला घेऊन थांबत आणि एकमेकांचे फोननंबर घेत. वहीत ते नावाने येत नाहीत, ‘कोल्हापूरचे गाडीवाले’, ‘फलटणचे गाडीवाले’ असे येतात. महानुभावांच्या लीळांत माणसे गावांवरून ओळखावीत तसे काहीसे.

“मागच्याच काचेवर धूळ का बसते? पुढची स्वच्छ असते,” असा एक प्रश्न आहे. हिरव्या शाईत: सरळ कापलेल्या मागच्या भागामागे हवेची पोकळी होते, ती रस्त्यावरची धूळ आत ओढते, म्हणून तर मागेही वायपर दिला आहे (कोल्हापूर). “समोरून येणारे डिपर देतात. माझे दिवे खालीच आहेत.” उत्तर: मागे वजन भरले की नाक वर होते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळची लहान चकती फिरवून झोत खाली करावा (फलटण). त्याखाली अण्णांचे स्वतःचे: “तीन वर्षे लोकांना आंधळे केले.” मागचा दरवाजा उचलून धरणारे गॅसचे दांडे अशक्त झाले आणि दरवाजा डोक्यावर येऊ लागला, त्यावर दांडे बदलण्याऐवजी वेताची एक काठी कापून ठेवल्याची नोंद आहे. काठीची लांबीही आहे. देवगडच्या आंब्याच्या पेट्यांचा वास किती दिवस राहतो (नऊ), मिरजेहून एका गायिकेसाठी आणलेले दोन तंबोरे तिरके ठेवल्यास भोपळ्यांखाली काय घालावे (जुनी गोधडी), एसी लावल्यावर मागच्या माणसापर्यंत गारवा पोचायला किती वेळ लागतो.

आणि सगळ्या मालकांची एक कायमची चिंता: मागची काच. इंजिन, ब्रेक, क्लच हे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाड्यांचेच असल्यामुळे कुठल्याही गावात मिळे. मागच्या दाराची काच आणि तिच्या आसपासचे पत्रे मात्र फक्त याच गाडीचे, आणि ते बनणे थांबलेले. अण्णांनी लिहिले आहे, “पुढची अर्धी गाडी लोकांची, मागची अर्धी आपली एकट्याची.” समीक्षेत असे वाक्य कुणी लिहिले असते तर मी ते विद्यार्थ्यांना उतरवून घ्यायला सांगितले असते. ते काचेविषयी आहे, आणि काचेविषयीच असलेले बरे.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी खरे तर हा लेख सुरू केला.

२०१४ च्या दिवाळीनंतर आईचा आजार मणक्यापर्यंत पोचल्याचे निदान झाले. तिला बसवत नसे. उपचार मिरजेला. दर तीन आठवड्यांनी कराड, इस्लामपूर, आष्टा, सांगली, मिरज असा प्रवास. मागचे आसन पाडून, वर गादी घालून अण्णा तिला झोपवून नेत. समोरच्या काकांचा विनोद असा खरा झाला. ते बिचारे त्यानंतर गाडीकडे पाहीनासे झाले. मी पुण्याहून जमेल तेव्हा जात असे आणि तिच्या उशाशी दाटीवाटीने बसत असे. तिच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना, मागच्या चाकांवर येतील अशी, पुस्तकांची दोन खोकी असत. प्रत्येक वेळी. तिला पाय नीट पसरता येत नसत.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला मी दवाखान्याच्या आवारात त्यांना म्हटले, “आईला नेतानासुद्धा तुम्हांला पुस्तकं सोडवत नाहीत का हो अण्णा?” त्यांनी दोरी बांधणे थांबवले नाही. म्हणाले, “असू देत. ती लागतात.”

मला जे समजायचे ते मी समजले. हा माणूस आयुष्यभर पुस्तकांच्या आड राहिला, घरात कुणी आजारी पडले की वाचनाच्या खोलीत गेला, आणि आता शेवटी तिच्या पायांशीही तीच भिंत बांधून ठेवतो आहे. हे मी भावाला सांगितले, त्यालाही पटले. आई २०१६ च्या जानेवारीत गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी एका नियतकालिकात त्यांच्या पिढीच्या प्राध्यापकांवर लेख लिहिला. त्यात त्यांचे नाव नव्हते, पण “पुस्तकांना दुःखाच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवण्याची कला” असे एक वाक्य होते आणि लिहिताना माझ्यासमोर ती दोन खोकी होती. लेख त्यांनी वाचला. फोन करून ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका सांगितल्या.

ते गेल्यावर गाडीची कागदपत्रे शोधताना वही माझ्या हाती आली. २०१४ चा नोव्हेंबर काढला. डाव्या पानावर: “मिरज. ती झोपून. इस्लामपूरच्या पुढे फार हिसके.” उजवीकडे: “रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आदळते. असे का?” हिरव्या शाईत: मागच्या स्प्रिंगा वजन धरून केलेल्या असतात. वजन नसले तर त्या दबत नाहीत, खड्ड्याचा धक्का सरळ वर येतो (मिस्त्री). पुढच्या फेरीला: “एक खोके ठेवले. थोडा फरक.” त्याच्या पुढच्या: “दोन, चाकांवर. चांगला फरक. मागची हवा दोनने कमी.” मग: “तीन ठेवून पाहिली. नाक वर, वळणाला डुलते, तिला मळमळले. दोनच बरी.” वेगाच्या नोंदी आहेत. इस्लामपूरपर्यंत ५०, आष्ट्यापर्यंत ४५, पुढे ४०. एकदा जोराचा ब्रेक लागून डावे खोके सरकले, तेव्हापासून दोरी. पाय पसरता येत नाहीत हेही आहे. “पायांना अडचण होते. पण पाठीला बरे. काय निवडावे?” त्यापुढे हिरवी शाई नाही.

त्या वर्षभरातला शेवटचा प्रश्न असा आहे: “झोपलेल्या माणसाला हिसका आधी कुठे लागतो, पाठीत की मानेत? तिला विचारावे.” खाली, हिरव्यात: “विचारले. म्हणते, कुठेच नाही.” आणि त्याखाली पुन्हा निळ्यात: “हे खरे नसावे.”

मी पंचवीस वर्षे संहितेचे वाचन शिकवते. सूचन, मौन, अनेकार्थता, निवेदकाची विश्वसनीयता. ‘ती लागतात’ या दोन शब्दांचा वाच्यार्थ मला ऐकू आला नव्हता. ते त्यांनी मला समजावून का सांगितले नाही, हा प्रश्न मी अर्थातच विचारते. स्प्रिंगेचे कारण सांगायला दोन मिनिटे लागली असती. कदाचित मी ज्या स्वरात विचारले त्या स्वराला उत्तर देणे त्यांना कमीपणाचे वाटले असेल. कदाचित त्यांना खरेच वाटले असेल की उत्तर देऊन झाले आहे. ते माणूस म्हणून हळवे आणि उमदे होते असे आता एकदम लिहून टाकणे सोपे आहे, पण आधीचे मी जे त्यांच्याविषयी म्हटले होते तेही सगळे खोटे नव्हते. आजारपणात ते खरोखरच वाचनाच्या खोलीत जात. लहानपणी मला गोवर आला होता तेव्हाही गेले होते. त्या खोलीत ते काय करत, याची वही नाही.

आई गेल्यानंतरच्या पानांवर पुन्हा ॲव्हरेज, डिझेलचे भाव, वायपरचे रबर. खोकी काढल्याची नोंद कुठे सापडली नाही. सापडणार नव्हतीच, कारण ती काढलेली नव्हती. गाडीचा मागचा दरवाजा उघडून, काठी लावून आम्ही पाहिले तेव्हा दोन्ही तिथेच होती, त्यांच्याखालच्या गालिच्यावर चौकोनी खळगे पडलेले. आठ वर्षांत या खोक्यांतले एकही पुस्तक त्यांनी विकायला काढले नसावे. उघडली, तर दोन्हींत एकाच कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती. कवी हयात आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. संग्रह बरा आहे.

आता इस्टेटीविषयी. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, अण्णांनी पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. ती मुदतही २०२५ मध्ये संपली. पुन्हा वाढवायची तर आधी गाडी वारसाच्या नावावर हवी. त्यासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दुसऱ्या वारसाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र. शिवाय २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणाऱ्या नव्या सुरक्षा नंबरपाट्या. भाऊ नाशिकला असतो. त्याचे म्हणणे पडले, “ताई, भंगारात दे. आपल्यापैकी कोण चालवणार आहे?” त्याचे चुकत नाही. मला घाट चढताना अजूनही भीती वाटते.

मध्यंतरी फलटणच्या गाडीवाल्यांचा फोन आला. अण्णा गेल्याचे त्यांना माहीत नव्हते. ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सरांनी एकदा हवेचा दाब कमी करण्याविषयी विचारले होते, ते कशासाठी ते कळले नव्हते, असे म्हणाले. मी सांगितले. शेवटी, संकोचून, “गाडी काढणारच असाल तर मागची काच तेवढी मला द्याल का? आमची तडकली आहे,” असे त्यांनी विचारले. मी कळवते म्हटले.

भावाला वहीतली ती पाने मी फोटो काढून पाठवली होती. दोन दिवस त्याचे उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी फोन. गाडीविषयी तो काही बोललाच नाही. “वही कुणाकडे राहणार?” एवढेच विचारले. मी म्हटले, वाहनाबरोबरचे कागदपत्र वाहनाबरोबर राहतात. तो म्हणाला, मग वाहनाचेच पुन्हा ठरवू. त्यावरून आमची थोडी वादावादीही झाली, अण्णांच्या मागे पहिलीच.

गेल्या आठवड्यात त्याचे प्रतिज्ञापत्र टपालाने आले. गाडी माझ्या नावावर करायला त्याची हरकत नाही, असे त्यात आहे. सोबतच्या चिठ्ठीत त्याने वहीची झेरॉक्स नको, मूळ प्रत सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने त्याच्याकडे, असा प्रस्ताव ठेवला आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. फलटणलाही कळवायचे राहिले आहे.